चपलेतला खडा

श्रीपाद हळबे आपल्या मुलीकडे राहतो, ही बातमी त्याला दोन हजार सहाच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, सकाळी पावणेदहा वाजता, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या एका फुटबॉल मैदानाच्या फाटकात कळली. तोवर त्याची समजूत बरोबर उलटी होती. घराचा भाडेकरार त्याच्या नावावर होता. बेलच्या बटनाशेजारी हळबे असं लिहिलेलं होतं. जिना झाडायची आठवड्याची पाळी आली की 'केअरवोखे'ची लाकडी पाटी त्याच्याच दाराला लटकायची, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून बोट फिरवून पाहायच्या तेही त्याच्याच पाळीनंतर. नऊ वर्षांची स्पृहा त्या घरात जन्मापासून राहायला आलेली आहे, इतकंच त्याला वाटत होतं. पण आज संघात नव्यानेच आलेल्या योहाना नावाच्या दोन वेण्यांच्या मुलीने त्याच्याकडे बोट करून हा कोण म्हणून विचारलं. स्पृहा बाकावर बसून बिननाडीच्या बुटांच्या चिकटपट्ट्या चर्र-चर्र उचकटत होती, ते काढून तिला फुटबॉलचे बूट चढवायचे होते. मान वर न करता ती म्हणाली, "डेअर वोन्ट बाय उन्स." हा आमच्याकडे राहतो. योहानाने पोटभाडेकरूकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं, "आख्झो", म्हणजे अस्सं, म्हणाली, आणि दोघी मैदानात पळाल्या.

खोटं त्यात काहीच नव्हतं. श्रीपादने स्वतःकडे एकदा नीट पाहून घेतलं. डोक्यावर तपकिरी लोकरीची माकडटोपी, हनुवटीखाली बटन लावलेली. खांद्याला संघाची लाल प्रथमोपचाराची पिशवी. हातात तीन पुडांचा स्टीलचा डबा, त्यात शिऱ्याच्या वड्या, कारण बाकीचे पालक केक आणत आणि त्याला केक भाजता येत नसे. बायको, नीलिमा, ऑफिसच्या कामाने ड्युसेलडॉर्फला गेली होती, नाहीतर टोपी तरी तिने काढून घेतली असती. कुठल्याही सुबुद्ध मुलीने ओळख नाकारावी असाच एकंदर ऐवज होता. त्याला हसू आलं. ते अर्ध्या वाटेत थांबलं. कारण हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना, असंच एका फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला, त्याने स्वतःच ते आपल्या वडिलांबद्दल उच्चारलं होतं. तो 'शेजारी' म्हणाला होता, एवढाच फरक.

आणि अकरा वाजता वडिलांना फोन करायचा होता. दर शनिवारी अकराला, म्हणजे तिकडच्या अडीचला, तो फोन करायचा आणि नाना दोनपासूनच फोनपाशी खुर्ची ओढून बसायचे. नानांचा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. उजवा आता चालला होता. कानाचं यंत्र आणून दिलं तर ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात, आईच्या चष्म्याच्या जुन्या घरात ठेवून दिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवाळीनंतर फोनचा फारसा उपयोग नाही. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. म्हणजे जे काही विचारायचं ते विचारायला दोन शनिवार उरले होते, आणि त्यातला एक आजचा. विचारायचं एकच होतं. त्या दिवशी मी जे बोललो ते तुम्ही ऐकलंत का? पत्रात विचारायचा प्रयत्न त्याने दोनदा केला होता. 'ती. नानांस सा. न.' इथवर उत्तम जायचं, पुढे हवामान यायचं. सुट्टीत घरी गेलं की घर माणसांनी भरलेलं, आणि बहिऱ्या माणसाला कानात सांगायची गोष्ट चार खोल्यांत ऐकू जाते. हा प्रश्न विचारायला सहा-सात हजार किलोमीटरचं अंतर बरं, असं त्याला वाटत आलं होतं. ते अंतर आता नुसतं अंतर उरणार होतं.

शिट्टी झाली. सामना शेजारच्या गावाशी होता. दोन गावांच्या मध्ये एक पूल आणि एक पेट्रोलपंप एवढीच सरहद्द, पण नऊ-नऊ वर्षांच्या मुली एकमेकींकडे अशा बघत होत्या की मध्ये शंभर वर्षांचं वैर असावं. आणि त्यांच्या आज्या, ज्या घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या, त्यांच्या मते ते होतंच. धुकं अजून उतरलं नव्हतं. बाहेर उभ्या गाड्यांपैकी दोन-तीन गाड्यांच्या काचांना उन्हाळ्यातल्या विश्वचषकाचे छोटे झेंडे अजून अडकवलेले होते, भिजून काडीला चिकटलेले. श्रीपादला स्वतःची गाडी नव्हती. गाड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं दरवाजांच्या बिजागऱ्या तपासून त्याला गाडी घ्यावीशी वाटत नव्हती, हे तो जर्मन सहकाऱ्यांना पटवू शकला नव्हता. त्यामुळे पालकांच्या यादीत परगावच्या सामन्यांना मुलींना गाडीने नेण्याच्या रकान्यात त्याचं नाव नसे. यादी ऑगस्टात फिरायची, पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेली, रकाने पट्टीने आखलेले. कोण केक आणणार, कोण जर्सी धुणार, कोण गाडी देणार. शेवटचा रकाना प्रथमोपचाराच्या पिशवीचा. त्यात त्याने पहिल्या वर्षी नाव घातलं ते तिथे जागा रिकामी होती म्हणून, आणि पुढची दोन वर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून. पिशवीत चिकटपट्ट्या, गुंडाळपट्ट्या, थंड फवारा, चिमटा. एक वस्तू त्याने आपल्या मनाने वाढवलेली: औषधाच्या बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, घरी मापून केलेलं. तीन वर्षं ही पिशवी खांद्यावर घेऊन तो मैदानाच्या पांढऱ्या रेघेबाहेर उभा राहिला, आणि आपण काय करतो आहोत हे आज, आपण पोटभाडेकरू आहोत हे कळल्यावर, त्याच्या ध्यानात आलं.

नानांची प्रथमोपचाराची पेटी लाकडी होती. कधीकाळी तिच्यात प्रयोगशाळेचा तराजू आला होता. तराजू मोडल्यावर पेटी नानांकडे राहिली. पितळी कडी, आत टिंक्चर आयोडीन, कापूस, धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या, आणि शंकूच्या आकाराचं काचेचं पात्र, त्यात मिठाचं पाणी. ग्रॅमवर तोललेलं. नाना केमिस्ट्रीचे डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे प्राध्यापकांच्या खालचे आणि शिपायाच्या वरचे, आणि दोघांनीही काम सांगावं असे. कृष्णेकाठच्या त्या गावात दोन कॉलेजं होती. एक टेकडीवर, ते वरचं. एक नदीकडे उतरतं, ते खालचं. नाना खालच्यात. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दोघांचा फुटबॉलचा सामना व्हायचा, एका दिवंगत तूपवाल्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ढालीसाठी. ढाल वर्षभर ज्या कॉलेजात असेल तिथल्या प्राचार्यांच्या खोलीत लटकायची, आणि दुसऱ्या कॉलेजचे प्राचार्य वर्षभर त्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. अर्धे खेळाडू कॅनव्हासचे बूट घालायचे, अर्धे अनवाणी. डॉक्टर परवडत नसल्यामुळे प्रथमोपचाराला केमिस्ट्री खात्याने माणूस द्यावा असा ठराव होता, आणि केमिस्ट्री खात्यात देण्याजोगा माणूस एकच होता.

श्रीपाद सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचा. सतरंजी थेट रेघेला लागून. प्रमुख पाहुण्यांचा सोफा बराच मागे, त्यांना दिसायच्या मुलांच्या पाठी. आणि याला दिसायचे घोटे, धूळ, चेंडूची शिवण. चेंडू जवळून गेला की गालाला वारा लागायचा. नानांच्या हातांना गंधकाचा मंद वास असायचा, तो इतका सवयीचा की श्रीपादला पुढे कितीतरी वर्षं वडील म्हणजे हा वास असंच वाटत राहिलं. नाना धोतराच्या सोग्यातून उकडलेल्या शेंगा काढायचे आणि सोलून सोलून त्याच्या तळहातावर दाणे ठेवायचे, स्वतः खायचे नाहीत, हात स्वच्छ हवेत म्हणून. त्यांना ऑफसाइड कळत नसे. गोल झाला की ते आधी आजूबाजूला पाहायचे, कुणी उठलंय ते बघून कुणाचा झाला ते ठरवायचे. त्यांना गुडघे कळत. एखादा पोरगा पडला की नाना अर्धे उठलेलेच असत, आणि न पाहता हात मागे करून म्हणत, "श्रीपाद, बूच." कारण काचेच्या पात्राचं बूच धरण्याचं काम श्रीपादकडे होतं. पात्र उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते बूच मुठीत, जमिनीला लागू द्यायचं नाही. एवढ्या हजार-दीड हजार माणसांत कामावर असलेलं नऊ वर्षांचं माणूस तो एकटाच. नंतर त्याने बऱ्याच नोकऱ्या केल्या, त्यांत पगार होता; पण आपलं काम नेमकं काय आहे हे तितकं स्वच्छ कुठल्याच नोकरीत कळलं नाही.

शेजारच्या गावाची गोलकीपर पडली. बारीक चणीची मुलगी, चेंडू थेट नाकावर. स्पृहाच्या संघाची ट्रेनर उते त्याच्याकडे वळण्याआधी श्रीपाद बाकावरून अर्धा उठला होता. त्यांच्याकडची पिशवी कुणाच्या तरी गाडीत राहिली होती आणि ती गाडी घेऊन कुणीतरी पाव आणायला गेलं होतं. मुलगी मान मागे टाकून रडत होती. श्रीपादने तिची मान पुढे वाकवली, नाकाची मऊ बाजू दोन बोटांत धरली, मानेवर थंड पट्टी ठेवली आणि तोंडाने श्वास घे म्हणून सांगितलं. रक्त तिसऱ्या मिनिटाला थांबलं. मग त्याने आपल्या मिठा-साखरेच्या पाण्याचं बूच काढलं, दोन घोट पाजले, बूच नकळत डाव्या मुठीत धरून. मुलीने नाक ओढलं, हातमोजे चढवले आणि गोलात जाऊन उभी राहिली. त्यांच्या ट्रेनरने 'डांके' म्हणून आभार मानले. सगळं कसं साजूक. आणि बरोबर सहाव्या मिनिटाला स्पृहा एकटी चेंडू घेऊन सुटली, कधी नव्हे ती तीन मुलींना चुकवून, आणि असा फटका मारला की घडीच्या खुर्चीतल्या आज्या उठल्या. त्या बारीक मुलीने आडवी उडी मारून तो बाहेर ढकलला. श्रीपादने मूठ उघडून बुचाकडे पाहिलं.

त्या वर्षी ढाल वरच्यांकडे होती आणि खालच्यांना ती हवीच होती. बरोबरी चालली होती. शेवटची पंधरा मिनिटं. वरच्यांचा सेंटर फॉरवर्ड, अनवाणी, काळा, पोटऱ्या दगडासारख्या, तो अचानक बसला आणि मग आडवा झाला, नेमका त्यांच्या सतरंजीसमोर. पायात गोळा. त्याची माणसं मैदानाच्या पलीकडे. त्यांच्याकडे एक पाण्याची बादली आणि सल्ले देणारे तिघे. खालच्यांची पोरं ओरडू लागली, राहू दे, झोपू दे. नाना उठले. त्याची टाच मांडीवर घेतली, अंगठा वर दाबून धरला, पोटरी सोडवली, जशी काय ती अडकलेली पुरचुंडी आहे. "श्रीपाद, बूच." पाणी पाजलं, सगळं. तो पोरगा उठला, दोन उड्या मारून पाहिल्या, नानांना वाकून नमस्कार करायला गेला तेव्हा नाना म्हणाले, बोटं वाकवू नकोस. सहाव्या मिनिटाला त्याने गोल केला. नानांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं, कुणाचा झाला ते. खालच्या बाजूचं कुणीच उठलेलं नव्हतं. मग एक आवाज आला, "दवाखाना!" आणि मग सगळीकडून तोच. जानेवारीत गावात ऊस असतो. चिपाडं यायला लागली, ओली, टोकदार, नानांच्या पाठीवर, पेटीवर, एक कानाला चाटून. कुठला तरी शिकलेला आवाज घरभेदी म्हणाला. नाना पट्ट्या गुंडाळत होते. आणि श्रीपाद सतरंजीवरून उठला. कुणी ढकललं नव्हतं. तो एक पाऊल बाजूला झाला, मग दोन, बूच मुठीत, गर्दीच्या काठाला जाऊन उभा राहिला, जसा नुसताच मॅच बघायला आलेला मुलगा. तिथे ऊस खाणाऱ्या एका दांडग्या पोराने विचारलं, "ए, तो दवाखाना तुझा कोण रे?" श्रीपाद म्हणाला, "कोणी नाही. आमच्या शेजारी राहतात." राहतात. आदरार्थी. एवढं सगळं होऊन जिभेने वळण सोडलं नव्हतं. नाना चार हातांवर होते. पेटीची पितळी कडी लागल्याचा आवाज त्याच क्षणी झाला, टक्.

त्या टक्-वर तो पस्तीस वर्षं अडकून होता. आधी लागली की नंतर? आधी लागली असेल तर वाक्य कडीच्या आवाजात बुडालं. नंतर लागली असेल तर ऐकून लागली. इंजिनीअर झाल्यावर त्याने बिजागऱ्या आणि कड्यांतच कारकीर्द काढली, पण या एका कडीचा अहवाल त्याला लिहिता आला नाही. घरी परतताना नाना पुढे चालत होते, पुरे तीस पावलं, पेटी डाव्या हातात धरून, एकदाही मागे न बघता. रागावलेत, हे उघड होतं. बरोबर चल म्हणाले नाहीत. मात्र प्रत्येक वळणावर त्यांच्या चपलेत खडा जायचा. सॉमिलच्या वळणावर थांबले, वाकले, चप्पल झटकली. दूधडेअरीपाशी पुन्हा. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा. श्रीपादही थांबायचा, तीस पावलं मागे, आणि त्याला वाटायचं की हे खडे आपल्यामुळे जाताहेत. घरी आईने नानांच्या केसांतून उसाची कुसळं वेचली आणि काही विचारलं नाही, याचा अर्थ तिला सगळं कळलं. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. नानांनी दोन वाक्यांत दिला: त्याच्या पायात गोळा आला होता. माझ्याकडे मिठाचं पाणी होतं. कुणीतरी प्रयोगशाळेच्या दारावर खडूने तांबडी फुली काढली. ती पुसायला सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, राहू दे, पोरांना प्रयोगशाळा सापडते. पुढच्या जानेवारीत त्यांनी पेटी काढली, दारात उभे राहून विचारलं, येतोस? श्रीपाद म्हणाला, ताप आहे. नानांनी कपाळाला हात लावला, कपाळ गार होतं, आणि ते म्हणाले, असेल. मग कधी विचारलं नाही. बूच मात्र त्यानेही कधी परत दिलं नाही.

सामना दोन-एकने गेला. एका मुलीचा बाप, एरवी हवामानापलीकडे न बोलणारा, तिथलाच स्वाबियन गृहस्थ, जवळ येऊन गंभीरपणे म्हणाला की श्रीयुत हळबे, पुढच्या वेळी पाच मिनिटं जास्त रक्त वाहू द्या. मग स्वतःच खूश होऊन त्याने शिऱ्याच्या दोन वड्या घेतल्या. चिपाडं वगैरे काही आलं नाही. मुली ब्रेत्सेलचे खारे पाव खायला क्लबच्या खोलीत गेल्या. जाताना स्पृहाने बापाकडे जे पाहिलं त्याला जर्मन आणि मराठी दोन्ही भाषांत एकच अर्थ होता. श्रीपाद मागच्या पार्किंगमध्ये गेला. अकराला दोन मिनिटं होती. स्वस्त फोनचं कार्ड काढून त्याने आधी लांबलचक नंबर, मग पिन, मग घराचा नंबर लावला. एका घंटेत उचलला.

"नाना, श्रीपाद बोलतोय."

"हां. उजवा लावलाय. बोल."

हवामान झालं. स्पृहाची शाळा झाली. नीलिमा कुठे आहे ते दोनदा सांगून झालं. मग श्रीपादने माकडटोपीचं बटन सोडलं आणि विचारलं की ती ढालीची मॅच आठवते का, एका पोराच्या पायात गोळा आला होता ती. नानांनी विचारलं, पोटात? "पायात," श्रीपाद ओरडला. "पायात गोळा!" कचरापेटीपाशी बुटका लांबोडका कुत्रा घेऊन निघालेली एक म्हातारी थबकली. शनिवार सकाळची शांतता त्या वसाहतीत लेखी नियमाने पाळली जाते. नाना मात्र खुशीत आले. तो होय, म्हणाले, चांगला पोरगा, पुढे पोलिसात गेला, बरीच वर्षं दिवाळीला पत्र पाठवायचा. मग?

मग त्याने सांगितलं. ज्या वाक्याला पस्तीस वर्षं कुजबुजीतही बाहेर येणं जमलं नव्हतं, ते परदेशातल्या एका पार्किंगमध्ये पोटातून ओरडून सांगावं लागलं, आणि एकदा सांगून भागलं नाही. नाना म्हणाले, पुन्हा बोल. "मी म्हणालो की तुम्ही शेजारी राहता!" काय राहता? "शेजारी! शेजारी राहता, आमचे कोणी नाही!" म्हातारीने कुत्र्याला उचलून घेतलं. पलीकडे काही ऐकू येईना. कार्ड संपलं असं श्रीपादला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं हायसंही वाटलं.

"ते होय," नाना म्हणाले. "ऐकलं होतं की मी. तेव्हा कान चांगले होते."

श्रीपादने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण आधी मी म्हणालो होतो," नाना म्हणाले. "तू कुठे ऐकलंस, तू गोलाकडे बघत होतास. माझ्याच वर्गातली चार पोरं मागे उभी, तापलेली. एकाने विचारलं, सर, हे पोरगं तुमचं का? मी म्हटलं, नाही बुवा, कुणाचं तरी आलंय बूच धरायला. अरे, चिपाडं पडत होती. माझ्यावर पडली तर पडू देत, माझी नोकरी होती ती. तुझी काय होती? मला धास्ती एकच, तू आता नाना म्हणून हाक मारशील. आणि तू उठलास, लांब गेलास, वर शेजारी म्हणालास. घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं मी, पोरगं चलाख निघालं."

श्रीपाद एका भिजक्या झेंड्याच्या गाडीला टेकला. टोपीच्या आत कान गरम झाले होते. त्याला पुष्कळ विचारायचं होतं आणि त्यातलं जे बाहेर आलं ते भलतंच. म्हणाला, मग घरी जाताना तुम्ही पुढे पुढे का चाललात?

"बरोबर चाललो असतो तर एवढं केलेलं वाया नसतं गेलं?"

"आणि तुमच्या चपलेत सारखा खडा जात होता!"

"खडा?" नानांनी जरा विचार केला. "खडा कसला. संक्रांतीच्या तोंडावर घेतलेली नवी चप्पल, टाच सुद्धा दबली नव्हती. तू मागे येतोयस का ते बघायला नको? वळून बघितलं असतं तर त्या पोरांनीही बघितलं असतं. वाकलं की दोन पायांमधून मागचं दिसतं." मग ते म्हणाले, "बूच मात्र तुझ्याकडेच राहिलं हो. मी पुढे नऊ वर्षं कागदाचा बोळा घालून चालवलं."

आता काहीतरी म्हणायला हवं होतं. जर्मन माणसाने इथे डांके म्हटलं असतं आणि तो मोकळा झाला असता. मराठीत वडिलांचे आभार मानायचे तर समोर टेबलावर चादर आणि पाण्याचा तांब्या लागतो. कार्डातली बाई मध्येच इंग्रजीत एक मिनिट उरल्याचं सांगून गेली.

"नाना," तो ओरडला, "इथे फार थंडी आहे."

"टोपी घाल."

"घातलीय."

"मग झालं तर," नाना म्हणाले. "पुढच्या शनिवारी कर. जेवढं ऐकू येईल तेवढं येईल. नाहीच आलं तर तू बोल, मी हां म्हणतो." आणि लाइन तुटली.

मुली बाहेर आल्या. स्पृहाने चिकटपट्टीचे बूट चढवले होते आणि योहाना तिच्याबरोबर होती. तिचं घर त्याच वाटेवर, बेकरीच्या पलीकडे. म्हातारी आणि कुत्रा कोपऱ्यावर उभे राहून श्रीपादवर लक्ष ठेवून होते. स्पृहा जवळ आली, योहानाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात आणि अपवाद म्हणून मराठीत म्हणाली, "बाबा, तू त्यांच्या गोलीला का बरं केलं?" श्रीपाद म्हणाला, तिच्या नाकातून रक्त येत होतं आणि माझ्याकडे पट्टी होती. खुलासा दोन वाक्यांचाच झाला. तिने तो स्वीकारला नाही, फेटाळलाही नाही. गाल फुगवून सोडले. मग तो म्हणाला, तुम्ही दोघी व्हा पुढे. मी सावकाश येतो. स्पृहाने टोपीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, लाल पिशवीकडे पाहिलं, यात काही डाव आहे का ते पाहिलं. "या, ओके," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि गेली.

त्याने मनात तीस मोजले आणि मग चालायला लागला. धुकं उठत होतं. पुढे दोन वेण्या आणि एक आखूड केसांचं डोकं, त्यांच्यामध्ये चेंडूची जाळी, खिदळणं. शेजाऱ्याच्या अंगणातून जावं तसा तो बेताने, कुणाच्या आड न येता चालत होता, आणि त्याला फार बरं वाटत होतं. इतक्या लांबून मूल पूर्ण दिसतं. डाव्या खांद्याने किंचित झुकून चालते, हे त्याला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. नाना तसेच चालायचे, पेटीमुळे असं वाटायचं. पेट्रोलपंपाच्या वळणाला दोघी पोचल्या. योहाना तशीच बोलत पुढे गेली. स्पृहा मात्र थांबली, वाकली, आणि डाव्या बुटाशी काहीतरी खटपट करू लागली. श्रीपादही थांबला, हातातला डबा सांभाळत, तीस पावलं मागे. ती वाकलेलीच होती, बराच वेळ. मग उठली आणि योहानाला गाठायला पळत गेली. बेकरीच्या वळणाला पुन्हा तेच. वाकून, अगदी मन लावून, ती आपल्या चिकटपट्टीच्या बुटाची नाडी बांधत होती.